दप्तर कोणाचे, स्मृती कोणाची?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारने मागास वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या रिकाम्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. एका संस्थानी हुकमाची तारीख आणि त्यातील अटी सव्वाशे वर्षांनंतरही निःसंदिग्धपणे सांगता येतात, याचे कारण तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला आणि गॅझेटाची प्रत जपली गेली. त्या हुकमातील एका कलमाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या खात्यात झालेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे त्यात म्हटले होते. केवळ हुकूम काढून खाते बदलत नाही. ते बदलले की नाही हे तपासण्यासाठी नोंद लागते, ही जाण शाहू महाराजांना होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. पुढे १९९० साली महाराष्ट्र शासनाने 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक ग्रंथरूपाने पुन्हा छापले आणि दलित चळवळीच्या आरंभकाळाचा अभ्यास सामान्य वाचकाच्या आवाक्यात आला. सत्तर वर्षांपूर्वीचे जुने अंक कोणीतरी जपले नसते, तर हे पुनर्मुद्रण कशावरून झाले असते?

हा प्रश्न आजच्या प्रकाशनांना लावला की परिस्थिती किती बदलली आहे ते ध्यानात येते. आज वृत्तपत्राची बातमी, शासनाचा निर्णय, पक्षाचे निवेदन आणि संघटनेचे आवाहन प्रथम, आणि पुष्कळदा केवळ, संगणकाच्या पडद्यावर प्रकट होते. छापलेला अंक शंभर घरांत गेला की त्याच्या शंभर प्रती होतात. पडद्यावरचे पान हजारोंनी वाचले तरी मूळ प्रत एकाच यंत्रावर, मालकाच्या ताब्यात असते. ती बदलणे वा नाहीशी करणे हे त्याच्या इच्छेवर अवलंबून असते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती. यातील प्रत्येक पान कोणी हेतुपुरस्सर पुसले असे नव्हे. संस्था बंद पडतात, भाडे भरायचे राहते, नवी रचना करताना जुने पत्ते तुटतात. परंतु हेतू असो वा नसो, वाचकाच्या दृष्टीने परिणाम एकच.

जतन केलेली पाने म्हणजे काय?

या विस्मरणावर उपाय म्हणून ब्रूस्टर काल या संगणकतज्ज्ञाने १९९६ साली अमेरिकेत 'इंटरनेट आर्काइव्ह' ही ना-नफा संस्था स्थापन केली. 'क्रॉलर' म्हणून ओळखली जाणारी संगणकीय आज्ञावली एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जाते, वाटेत भेटलेल्या पानाची प्रत घेते आणि प्रत घेतल्याची तारीख व वेळ तिला जोडून ठेवते. २००१ पासून हा साठा 'वेबॅक मशीन' या नावाने सर्वांना खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातील पानांची संख्या एक लाख कोटींवर गेल्याचे संस्थेने जाहीर केले. डेन्मार्कने २००५ पासून कायद्याच्या आधारे आपल्या देशाच्या वेबचे राष्ट्रीय दप्तर ठेवले आहे. ब्रिटनने २०१३ साली ग्रंथालयांना प्रती देण्याचे छापील पुस्तकांपुरते असलेले बंधन संकेतस्थळांनाही लागू केले.

अशा साठ्यातून एकेक जुने पान पाहणे ही त्याच्या उपयोगाची केवळ पहिली पायरी होय. खरा अभ्यास सुरू होतो तो एकाच संस्थेची दहा-वीस वर्षांची पाने तारीखवार ओळीने मांडल्यावर. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे मॅथ्यू वेबर यांनी तेथील वृत्तसंस्थांच्या जतन झालेल्या पानांवरून, कोणती संस्था कोणाला दुवे देत होती आणि हे जाळे वर्षानुवर्षे कसे बदलत गेले याचा अभ्यास केला. छापील पत्र पडद्यावर जाताना आतून कसे बदलते, कोणाशी नाते जोडते आणि कोणाला टाळते, हे संपादकांच्या आठवणींवर विसंबून न राहता त्यांच्याच पानांवरून पाहण्याचा हा मार्ग आहे. संस्था आपल्याविषयी काय म्हणते यापेक्षा तिने प्रत्यक्षात काय केले याचा पुरावा अधिक मोलाचा, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासातील जुनाच दंडक येथे उपयोगी पडतो.

वृत्तपत्र ही उत्पादनसंस्थाही आहे

कोल्हापूरला वृत्तपत्रांची मोठी परंपरा आहे. खंडेराव बागलांचे 'हंटर' येथून निघाले. 'पुढारी' १९३९ पासून येथे दैनिक म्हणून निघत आहे. अशा पत्रांच्या जुन्या फाइली चाळणारा अभ्यासक अग्रलेखांबरोबरच अंकाची किंमत, जाहिरातदारांची नावे आणि तळाशी छापलेली मुद्रक-प्रकाशकाची ओळ पाहतो. ही ओळ १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने सक्तीची केली होती. मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, छापखाना कधी बदलला, हे त्या ओळीवरून कळते.

पडद्यावरील वृत्तपत्रात या ओळीची जागा 'आमच्याविषयी' व 'संपर्क' या पानांनी आणि तळाशी असलेल्या स्वामित्वहक्काच्या नोंदीने घेतली आहे. ही पाने चालू स्थिती तेवढी दाखवतात. काल तेथे कोणत्या जिल्हा कार्यालयांची नावे होती, बातमीखाली वार्ताहराचे नाव होते की वृत्तसेवेचे, स्वामित्वहक्क मूळ कंपनीच्या नावे होता की नव्याने काढलेल्या दुसऱ्या कंपनीच्या, हे जुन्या प्रती शेजारी ठेवल्यावाचून समजणार नाही. तालुक्याच्या बातमीदाराचे काम कधी बंद झाले आणि त्या जागी एजन्सीचा मजकूर कधी आला, हा संघटनात्मक बदल कोणत्याही वार्षिक अहवालात लिहिलेला नसतो. पानांच्या मालिकेत मात्र त्याची खूण राहते.

हा प्रश्न कामगारांच्या हक्काशीही निगडित आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्र कर्मचाऱ्यांना वेतन मंडळाचे संरक्षण दिले. मजिठिया मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य ठरवल्या. परंतु संकेतस्थळासाठी राबणारा उपसंपादक हा वृत्तपत्राचा कर्मचारी की वेगळ्या कंपनीचा, या प्रश्नावर त्याचे वेतन अवलंबून राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्याख्येत डिजिटल माध्यमांतील पत्रकारही आला. वेतन मंडळाची स्वतंत्र तरतूद मात्र उरली नाही. या संक्रमणकाळात कोणत्या माध्यमसमूहाने काम एका कंपनीकडून दुसरीकडे कधी वळवले, याचा तारखेसह पुरावा हवा असेल, तर कामगार संघटनांनी जतन झालेली पाने वाचण्यास शिकले पाहिजे.

मराठी अभ्यासकापुढे येथे एक खास अडचण उभी राहते. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, म्हणजे २००० च्या दशकाच्या बऱ्याच भागात, मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरीत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचा असे. विशिष्ट फॉन्टमुळे तेवढा तो देवनागरी दिसे. आज ती पाने उघडली, तर फॉन्ट हरवल्यामुळे अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. प्रत जपलेली आहे, पण वाचता येत नाही. शब्द टाकून शोधही घेता येत नाही. तो फॉन्ट कोणता हे ओळखून मजकूर युनिकोडमध्ये परत आणणे शक्य असते, परंतु त्यासाठी मराठी आणि संगणक या दोहोंचे ज्ञान असलेली माणसे हवीत. मोडी वाचणारी माणसे तयार केल्याशिवाय करवीर संस्थानचे दप्तर बोलके होत नाही. तसेच हे आहे. विद्यापीठांनी हे काम आजच हाती घ्यावयास हवे.

पुसण्याचे राजकारण

पुसून टाकण्याचा मोह केवळ व्यापारी संस्थांना होतो असे नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाने २००० ते २०१० या काळातील आपल्या नेत्यांची भाषणे पक्षाच्या संकेतस्थळावरून काढून टाकली. एवढेच नव्हे, तर क्रॉलरला मज्जाव करणारी सूचना संकेतस्थळावर ठेवली. तिच्यामुळे इंटरनेट आर्काइव्हमधील जुन्या प्रतीही दिसेनाशा झाल्या. इंटरनेटमुळे राज्यकारभार पारदर्शक होईल अशी ग्वाही देणारी भाषणेही त्यांत होती! ब्रिटिश लायब्ररीपाशी स्वतंत्र प्रती होत्या, म्हणून ती सर्वस्वी नष्ट झाली नाहीत. सत्तेत येण्यापूर्वी दिलेली वचने सत्तेत आल्यावर अडचणीची ठरतात, हे सर्व देशांत सारखेच. मतदाराच्या हाती ती वचने राहू नयेत याची सोय आता फार स्वस्तात होते, एवढाच फरक.

अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस काही अभ्यासकांनी एकत्र येऊन पर्यावरणविषयक सरकारी पानांच्या जुन्या व नव्या प्रतींची पद्धतशीर तुलना सुरू केली. पुढील चार वर्षांत 'हवामानबदल' हा शब्द त्या पानांवरून कसा ओसरत गेला, हे त्यांनी दाखवून दिले. धोरण बदलल्याची घोषणा होण्याआधी भाषा बदलते, आणि भाषेतील तो बदल मोजता येतो.

भारतातील उदाहरण समाजवाद्यांच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. १९५० साली स्थापन झालेला नियोजन आयोग मोडीत काढून १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आणण्यात आला. पंचवार्षिक योजनांचे मसुदे, दारिद्र्यरेषेविषयीच्या समित्यांचे अहवाल, राज्यांच्या विकासाची आकडेवारी हे सारे जुन्या आयोगाच्या संकेतस्थळावर होते. ते नव्या संस्थेच्या संकेतस्थळाच्या पोटात हलवण्यात आले. दस्तऐवज राहिले, पण मूळ पत्ते बदलल्याने शोधनिबंधांच्या तळटीपांत दिलेले जुने दुवे निकामी झाले. नियोजनाची कल्पना चूक होती की तिची अंमलबजावणी, हा वाद यापुढेही चालणार आहे. तो आधारासह चालवायचा, तर त्या संस्थेचे संपूर्ण दप्तर तिच्या मूळ रचनेसह पाहता आले पाहिजे.

या पुराव्याच्या मर्यादा

जतन झालेली पाने म्हणजे संपूर्ण सत्य, असा भ्रम होऊ देता कामा नये. क्रॉलर ठरावीक दिवशी येतोच असे नाही. एखाद्या पानाच्या दोन प्रतींत तीन महिन्यांचे अंतर असेल, तर बदल त्या तीन महिन्यांत झाला एवढेच म्हणता येते. नेमका कधी, हे सांगता येत नाही. प्रती अधिक आहेत म्हणून बदल अधिक झाले, असेही नव्हे. पानाचा मजकूर एका दिवशीचा आणि त्यातील छायाचित्र दुसऱ्या दिवशीचे असू शकते. एखादे पान साठ्यात नाही, म्हणून ते कधीच नव्हते, असा निष्कर्ष काढणे तर सर्वथैव चूक. न्यायालयात असा पुरावा द्यावयाचा, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विहित प्रमाणपत्र लागते. पडद्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये आहे, एवढ्याने भागत नाही.

दुसरी मर्यादा विषमतेची आहे. क्रॉलर दुव्यांवरून चालतो. ज्याला अनेकजण दुवे देतात, ते पान त्याला वारंवार भेटते. ज्याच्यापाशी आधीच पुष्कळ आहे त्यालाच आणखी मिळावे, हा बाजाराचा न्याय येथेही चालतो. 'कॉमन क्रॉल' या मोठ्या सार्वजनिक साठ्यात इंग्रजी पानांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. मराठीचा वाटा एक दशांश टक्काही भरत नाही. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा अशाच साठ्यांवर घडवल्या जातात. म्हणजे जे जपले गेले नाही, ते भविष्यातील यंत्रांच्या ज्ञानातूनही वगळले जाणार.

तिसरी मर्यादा मालकीची. जगाच्या स्मृतीचा एवढा मोठा भाग एका परदेशी खासगी संस्थेच्या सद्भावनेवर विसंबून आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही आले आणि भारतातील वाचकांना ते दप्तर काही काळ बंद झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस सेवा खंडित राहिली. ही संस्था स्तुत्य काम करीत आहे, यात शंका नाही. परंतु लोकांची स्मृती हा सार्वजनिक ठेवा असेल, तर त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या दातृत्वावर सोपवून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे. क्रॉलर उघड्या पानांपर्यंतच पोहोचतो, आणि आजचे राजकारण बंद गटांत शिरले आहे. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात जे घडले ते सर्वांना स्मरत असेल. समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट खंडित करण्यात आले. शाहूंच्या नगरीत हे कसे घडले, याचा शोध घेऊ पाहणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला काय सापडेल? वृत्तपत्रांच्या बातम्या सापडतील, पोलिसांची कागदपत्रे सापडतील. परंतु व्हॉट्सॲपचे 'स्टेटस' चोवीस तासांत नाहीसे होते. गटातील संदेश त्या गटापुरता राहतो. कोणत्या मजकुराने माणसे रस्त्यावर आली, तो कोठून निघाला, कोणी पुढे धाडला, याची सार्वजनिक नोंद राहत नाही. विद्वेषाच्या प्रचाराला अशी बिननावाची, बिनतारखेची वाट फार सोयीची आहे. तिला उत्तर द्यावयाचे ते बिननावाच्या प्रतिसंदेशांनी नव्हे; नाव, तारीख आणि आधार असलेल्या उघड्या लेखनानेच ते देता येईल. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका एका व्याख्यानातून आकारास आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये या शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. पुस्तिका मात्र असंख्य घरांत राहिली. ते व्याख्यान केवळ एखाद्या गटात पाठवलेली ध्वनिफीत म्हणून उरले असते, तर त्याचे काय झाले असते याचा विचार करावा.

स्वतःच्या घरातील दप्तर

ही कसोटी पुरोगामी पक्ष-संघटनांनी स्वतःलाही लावली पाहिजे. पूर्वी शाखेच्या बैठकीचे इतिवृत्त वहीत लिहिले जाई, ठराव साप्ताहिकात छापला जाई, मतभेदही छापले जात. आज बैठकीचे निमंत्रण, चर्चा आणि निर्णय हे सारे मोबाइलवरील एका गटात उरकते. गट कोणी काढला, त्यात कोणाला घेतले, कोणाला वगळले, हे ठरवणारा 'ॲडमिन' हा कोणत्याही घटनेने न नेमलेला पदाधिकारी झाला आहे. मोबाइल बदलला की इतिवृत्त गेले. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाने अनेक पक्षांना आणि सामान्य नागरिकांना वर्षानुवर्षे एकत्र ठेवले; प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी त्याचे नेतृत्व केले. २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. अशा लढ्याचा हिशेब, म्हणजे कोणता डावपेच यशस्वी झाला, कोठे फूट पडली, कोणते आश्वासन केव्हा मोडले गेले, हे पुढच्या कार्यकर्त्यांना पत्रके, ठराव आणि इतिवृत्ते यांतूनच कळणार. नोंद न ठेवणाऱ्या संघटनेत ज्येष्ठांची आठवण हाच इतिहास होतो, आणि मग त्या आठवणीशी वाद घालण्याचे साधन तरुणांच्या हाती राहत नाही. अंतर्गत लोकशाहीचा ऱ्हास असाही होतो.

काय करावयास हवे?

पहिली मागणी शासनाकडे आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रे आली. १८६७ च्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली. डिजिटल प्रकाशनांच्या कायम जतनाची व्यवस्था त्यातही नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वृत्तसंकेतस्थळांनी मजकुराची नोंद किमान साठ दिवस ठेवावी असे म्हटले आहे, तेही नियामकांना तपासता यावे म्हणून. साठ दिवसांत इतिहास संपतो काय? परकीय सत्तेने नियंत्रणासाठी केलेल्या कायद्यातूनही पुस्तकांच्या प्रती आणि याद्या मागे राहिल्या आणि आज संशोधक त्या वापरतात. स्वतंत्र भारताच्या व्यवस्थेत मजकूर रोखण्याचे अधिकार तपशीलवार आहेत आणि जपण्याचे कर्तव्य मात्र कोणाचेच नाही, ही स्थिती बदलली पाहिजे. १९५४ च्या कायद्याची व्याप्ती संकेतस्थळांपर्यंत वाढवावी आणि या कामासाठी सरकारी खात्यांपासून स्वायत्त असलेले सार्वजनिक दप्तर निर्माण करावे. व्यक्तीच्या खासगीपणाचे रक्षण त्यात अर्थातच हवे. सत्ता आणि सार्वजनिक संस्था यांची नोंद ठेवणे वेगळे आणि नागरिकावर पाळत ठेवणे वेगळे, ही सीमा कायद्यातच स्पष्ट असावी.

दुसरे काम विद्यापीठांचे व ग्रंथालयांचे. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासूनचे ग्रंथालय आणि १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ ज्या शहरात आहे, तेथे दक्षिण महाराष्ट्रातील नगरपालिका, सहकारी संस्था, वृत्तपत्रे आणि चळवळी यांच्या संकेतस्थळांच्या प्रती नियमितपणे घेणे अशक्य नाही. साखर कारखाने आणि दूध संघ यांच्या निवडणुकांतील जाहीरनामे व वार्षिक अहवाल एवढेच जपले, तरी सहकाराच्या स्थित्यंतराचा अभ्यास उभा राहील.

तिसरे काम कार्यकर्त्यांचे; त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने ठराव आणि इतिवृत्त तारीख-सहीसह कागदावर ठेवावे, त्याची एक प्रत जिल्हा कार्यालयात व एक ग्रंथालयात द्यावी. पक्षाच्या संकेतस्थळावरील मजकूर दुरुस्त केल्यास दुरुस्तीची तारीख तेथेच नमूद करावी. जुना मजकूर गुपचूप काढू नये. विरोधकांच्या जाहीरनाम्याचे आणि शासनाच्या निवेदनाचे पान ज्या दिवशी प्रसिद्ध होईल, त्याच दिवशी सार्वजनिक साठ्यात जतन करण्याची सवय लावून घ्यावी. वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता भरून कोणासही ते विनामूल्य करता येते. आणि जो युक्तिवाद लोकांपुढे मांडण्याच्या योग्यतेचा आहे, तो बंद गटात न ठेवता साप्ताहिकात लिहावा, पुस्तिकेत छापावा.

१९०२ च्या हुकमाने खातेप्रमुखांकडून दर तीन महिन्यांनी पत्रक मागितले होते. पक्षाच्या शाखांनीही पुढील तिमाहीपासून आपल्या कामाचे असे पत्रक काढण्यास आरंभ करावा.